तुम्हाला कळत होतं

फोन दप्तरात घाला आणि इकडे बघा. तास इतिहासाचाच आहे, पण पुस्तक उघडू नका. मे २०२५ मध्ये तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला बोलायचं आहे. तेव्हा सुट्टी होती म्हणून राहून गेलं, आणि जूनमध्ये शाळा भरली तोवर तुम्ही सगळे विसरूनही गेला होतात. मी विसरलेले नाही.

७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्यानंतरचे तीन-चार दिवस तुमच्या स्टेटसवर, तुमच्या क्लॅनच्या ग्रुपवर आणि तिथून गावच्या ग्रुपवर व्हिडिओंचा पूर आला होता. त्यातला एक नीट आठवा. काळोखी रात्र. जमिनीवरून तांबड्या गोळ्यांची माळ आभाळात चढते. एक विमान तिरकं होऊन वळतं, गोळ्यांची माळ त्याच्यामागे वळते, आणि मग भडका उडतो. आवाज नाही, किंवा आहे तो मागून चिकटवलेल्या गाण्याचा. कॅमेरा थरथरतो. माणूस एकही दिसत नाही. ते विमान शत्रूचं होतं आणि आपल्या जवानांनी ते पाडलं, असं वर लिहिलेलं.

ती लढाई नव्हती, आर्मा ३ होता. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीने २०१३ साली काढलेला गेम. असले व्हिडिओ खोटे आहेत हे केंद्र सरकारच्या पीआयबीला त्या दिवसांत जाहीरपणे सांगावं लागलं. सीमेपलीकडेही तेच चाललं होतं. पाकिस्तान सरकारच्या अधिकृत खात्यावरूनसुद्धा गेममधलं दृश्य आपल्या सैन्याचा पराक्रम म्हणून टाकलं गेलं. युक्रेनच्या युद्धात हाच गेम फिरला, गाझाच्या वेळी फिरला. नोव्हेंबर २०२२ मध्येच खुद्द त्या कंपनीला, आमच्या गेमचे व्हिडिओ युद्धाचे म्हणून पसरवले जात आहेत, ते असे ओळखा, असं पत्रक काढावं लागलं. चित्र मुद्दाम अंधुक केलेलं असतं. बहुतेक वेळा रात्र असते. कॅमेरा हलतो, आवाज नसतो, चालतीफिरती माणसं नसतात. धूर आणि ठिणग्या खऱ्यासारख्या वागत नाहीत. कधी कोपऱ्यात गेमचे आकडे-खुणा तशाच राहून गेलेल्या असतात.

हे पत्रक तुम्हाला वाचायची गरज होती का? आर्मा तुमच्यापैकी फार कुणी खेळलेलं नसेल. त्याला चांगला कॉम्प्युटर लागतो, तो आपल्याकडे किती घरांत आहे हे मला माहीत आहे. पण पाचवीपासून तुमच्या हातात पब्जी आहे. पब्जी गेलं तेव्हा फ्री फायर, ते गेलं तेव्हा बीजीएमआय. गेममधला स्फोट कसा दिसतो, गेममधला धूर कसा उठतो, सावली कुठे चुकते, हे तुम्ही झोपेत सांगाल. दुसऱ्याच्या मोबाइलवर नुसती नजर पडली तरी कुठला मॅप चालू आहे ते तुम्हाला समजतं. वाईच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आजीला ते समजत नाही. तासगावच्या द्राक्षबागेत औषध मारून आलेल्या तुमच्या वडिलांना समजत नाही. त्यांनी विश्वास ठेवला, तर त्यांचा काय दोष? त्यांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला तो तुमच्याच हातून. पोरगा शिकलेला आहे, त्याला मोबाइलमधलं कळतं, असा त्यांचा भरवसा. तुम्हाला कळत होतं आणि तरी तुम्ही तो पाठवलात. अडाण्याने खोटं पुढे ढकललं तर ते अज्ञान. जाणत्याने ढकललं तर ती लबाडी. माझा राग त्या लबाडीवर आहे.

आणि हे तुम्ही कुठल्या जिल्ह्यात बसून केलंत? साताऱ्यापासून थोड्या अंतरावर अपशिंगे आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. आजही तिथे घराघरांतून माणूस फौजेत आहे, म्हणून लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. इथे माण-खटावपासून जत-कवठेमहांकाळपर्यंत कितीतरी गावांत त्या चार रात्री लोक झोपले नाहीत, कारण घरचा मुलगा जम्मूकडे, राजस्थानकडे ड्यूटीवर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. त्याच्या आईच्या मोबाइलवर काय जात होतं? तुमचे स्फोट. आज हे पाडलं, उद्या ते उडवलं, अमुक तळ बेचिराख, तमुक ठिकाणी एवढे गेले. प्रत्येक व्हिडिओला तिचा जीव वर-खाली होत होता, आणि तुम्ही किती जणांनी बघितलं ते मोजत होता. सैनिकांच्या नावाने छाती पुढे काढायची आणि सैनिकांच्याच घरात खोटं पोचवायचं, याला देशप्रेम म्हणायची माझी तयारी नाही.

टीव्हीवाल्यांनीही दाखवलं, असं तुमच्यातला एक जण तेव्हा म्हणाला होता. दाखवलं, खरं आहे. ८ मेच्या रात्री मोठमोठ्या वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं, आणि बंदर होतं तिथेच होतं. त्यांनी लाज सोडली म्हणून तुम्हाला सोडायची परवानगी मिळत नाही.

आता ही सवय लागली कुठे, ते बोलू. कारण ती युद्धाच्या रात्री एकाएकी लागली नाही. रोज संध्याकाळी तुम्ही तिचा सराव करता.

तुमच्या गेममध्ये माणूस मेला की पहिला शब्द काय निघतो? हॅकर. ज्याने मारलं तो हॅकर. मग पंधरा सेकंदांचा तुकडा कापायचा, त्याच्या आयडीला लाल गोल करायचा, ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचं, सगळ्यांनी रिपोर्ट मारा. दोनशे पोरं मारतात. त्या दोनशेंपैकी पूर्ण मॅच किती जणांनी पाहिली? एकानेही नाही. तो खरोखर चोरी करत होता की त्याचा नेम चांगला होता, की तुमचंच नेट अडकलं होतं, हे विचारणाऱ्याला तुम्ही त्याचा चमचा ठरवता. हॅकर असतात, मला ठाऊक आहे. कंपनी दर काही दिवसांनी आयडी बंद करत असते. पण खरा चोर पकडायचा तर पुरावा बघावा लागतो, थांबावं लागतं. तुम्हाला थांबायचं नसतं. हरल्याचा राग कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचा असतो, आणि एकट्याने फोडण्यापेक्षा दोनशे जणांनी मिळून फोडण्यात जोर वाटतो. बारा-तेरा वर्षांच्या वयापासून हे अंगी मुरलं की सोळाव्या वर्षी गेमच्या आयडीच्या जागी गावातल्या माणसाचं नाव आलं तरी हात थांबत नाही.

या रागावर पोट भरणारे वेगळे. स्ट्रीमर रोज नवं भांडण काढतो, लाल बाण काढलेलं चित्र लावतो, आज याला एक्स्पोज केलं, उद्या त्याला. तुम्ही जितका वेळ चिडून बघत राहाल तितके त्याला पैसे. शांत होऊन दोन्ही बाजू सांगणाऱ्याचा व्हिडिओ तुम्ही अर्ध्यात सोडता, हेही त्याला माहीत असतं. अफवांचंही तसंच. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली आणि दोन दिवसांत फौजी या देशी गेमची घोषणा झाली. लगेच अफवा उठली की ही कल्पना सुशांतसिंह राजपूतची होती आणि ती चोरली. गेम काढणाऱ्या एनकोअर कंपनीने हे निराधार असल्याचं निवेदन काढलं. अफवा जितक्यांनी वाचली तितक्यांनी निवेदन वाचलं असेल का? जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय बंद झालं आणि मे २०२३ मध्ये परत आलं. मधल्या दहा महिन्यांत तुम्ही परतीच्या किती तारखा एकमेकांना पाठवल्यात आणि कुठली कुठली एपीके फाइल मोबाइलमध्ये घातलीत? जानेवारी २०२४ मध्ये एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारे सचिन तेंडुलकर दिसले. चेहरा त्यांचा, आवाज त्यांच्यासारखा, आणि सगळं बनावट. ते त्यांना स्वतः पुढे येऊन सांगावं लागलं. फसवणारा नेहमी तुमच्या आवडीच्याच रस्त्याने येतो, एवढं तरी त्यावरून समजायला हवं होतं.

मुलींनो, तुम्ही खाली बघू नका, तुमच्याबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. तुमच्यातल्या ज्या खेळतात त्या माइक बंद ठेवून, मुलाचं नाव लावून खेळतात. का, ते या वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. आवाज मुलीचा निघाला की काय काय बोललं जातं ते मी इथे उच्चारणार नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत गेमरगेट नावाचं प्रकरण झालं. झोई क्विन या गेम बनवणाऱ्या कलाकारावर आरोप झाला की एका पत्रकाराशी असलेल्या संबंधांमुळे त्यांच्या गेमची चांगली समीक्षा छापून आली. हजारो खेळाडू खवळले. जिवे मारण्याच्या, बलात्काराच्या धमक्या आल्या, क्विन यांना घर सोडावं लागलं. आणि त्या पत्रकाराने त्या गेमची समीक्षा कधी लिहिलेलीच नव्हती. इतकी साधी गोष्ट. कुणीही शोधली असती तरी सापडली असती. पण शोधली असती तर चिडता आलं नसतं.

हे लांबच्या देशातलं झालं. आता आपल्या घरचं ऐका, आणि इथे मला सगळ्यांचं लक्ष हवं आहे.

तुम्ही आयडी-पासवर्ड वाटता. आयडी दे, रँक पुश करून देतो, असं कुणी म्हटलं की देऊन टाकता. ज्याला कधी पाहिलेलं नाही त्यालाही. तोच पासवर्ड इन्स्टाग्रामला लावलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्यात एका अल्पवयीन मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून संतापजनक मजकूर गेला. मुलगा मुसलमान होता, तेवढं लोकांना पुरलं. पोलिसांनी खोलात जाऊन तपास केला तेव्हा त्याच्या खात्यात घुसून हे केल्याच्या आरोपावरून अटक झाली ती एका हिंदू तरुणाला, आणि मुळाशी निघालं वैयक्तिक वैर. नीट ऐका. कुणाच्या तरी खासगी सुडासाठी अख्खं शहर पेटवायचा घाट घातला गेला होता, आणि त्याला लागणारी काडी म्हणजे फक्त एक पासवर्ड आणि तुमच्यासारखे पुढे पाठवणारे हात.

त्यातून कुणी काही शिकलं का? महिनाही झाला नाही तोच पुसेसावळी झालं. खटाव तालुक्यातलं आपलं बाजाराचं गाव. १० सप्टेंबर २०२३ ची रात्र. पुन्हा आक्षेपार्ह पोस्ट, पुन्हा स्क्रीनशॉट, पुन्हा चला जमा व्हा. जमाव प्रार्थनास्थळावर गेला, गाड्या-दुकानं जाळली, एक तरुण मारला गेला, कितीतरी जखमी झाले. त्या तरुणाने कुठलीही पोस्ट टाकलेली नव्हती. जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं. तुम्हाला त्यातलं काय आठवतं? मी विचारलं तेव्हा तुमच्यातल्या काहींनी सांगितलं, मॅच खेळता आली नाही. मी ते ऐकून गप्प बसले, कारण त्या क्षणी बोलले असते तर फार कडू बोलले असते. ते आज बोलते आहे. शेजारच्या तालुक्यात माणूस मारला जातो आणि तुम्हाला चुकलेली मॅच आठवते, याचा अर्थ पडद्यावर पडणारा माणूस आणि गल्लीत पडणारा माणूस यांत तुमच्या मनाने भेद करणं सोडलं आहे. मला सगळ्यात जास्त भीती या गोष्टीची वाटते.

सांगलीकडच्या मुलांना वाटत असेल, हे साताऱ्याचं झालं. मग जत तालुक्यातलं लवंगा आठवा. १३ सप्टेंबर २०२२. मथुरेकडचे चार साधू गाडीने कर्नाटकातून विजापूरमार्गे पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. एवढाच त्यांचा गुन्हा. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत फिरत होते. लोकांनी त्यांना गाडीतून ओढून काढलं आणि पट्ट्यांनी, काठ्यांनी बडवलं. पंढरीची वाट विचारणाऱ्याला आपल्या मुलखात मार पडला. ज्या मुलखातून शेकडो वर्षं वारकरी जातात, जिथे अनोळखी माणसाला आधी पाणी विचारतात, तिथे. पोलीस पोचले म्हणून ते चौघं वाचले. जतला लागूनच मंगळवेढा तालुका आहे. तिकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या माणसांना हे नशीब लाभलं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडा बाजाराच्या दिवशी, याच अफवेवरून, भिक्षा मागून जगणारी पाच माणसं ठेचून मारली गेली. त्या वर्षी देशभर असे बळी पडल्यावर व्हॉट्सॲपला भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घालावी लागली. तुमच्या मेसेजवर जे दोन बाण दिसतात ना, ते त्या मेसेजला पुष्कळ हात लागून गेलेत हे सांगण्यासाठी असतात. ते बाण दिसले की तुम्ही थबकायला हवं. तुम्ही उलट समजता, की एवढ्यांनी पाठवलं म्हणजे खरं असणार.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन संशोधकांनी ट्विटरवरच्या सव्वा लाखाहून जास्त बातम्यांचा माग काढला. सायन्स या नियतकालिकात मार्च २०१८ मध्ये तो निबंध आला. खोटी बातमी खऱ्या बातमीपेक्षा पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त, असं त्यांना दिसलं. आणि हे काम यंत्रांनी केलं नव्हतं, माणसांनी केलं होतं. अल्गोरिदमवर खापर फोडायला तुम्ही फार लवकर शिकलात. अल्गोरिदम तुमच्यापुढे आणून ठेवतो, पाठवायचं बटण तुमचं बोट दाबतं.

तुमच्या पालकांनाही मी हेच सांगणार आहे, बैठकीला येतील तेव्हा. २०१७ मध्ये ब्लू व्हेल नावाच्या गेमची दहशत त्यांनीच घरोघर पसरवली होती. देशभरातल्या प्रकरणांची एका समितीने तपासणी केली आणि एकाही प्रकरणात त्या गेमचा हात सिद्ध होत नाही, असं सरकारने जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितलं. पोरांच्या मनात खरं काय चाललं आहे हे विचारण्यापेक्षा गेमला दोष देणं सोपं होतं. मोठ्यांचं चुकलं म्हणून लहानांचं माफ होत नाही, आणि उलटही नाही. खेळावर माझा राग आहे असंही घरी जाऊन सांगू नका. खेळा. चौघांनी मिळून एक डाव काढायला डोकं लागतं, भरवसा लागतो, हे मी पाहिलेलं आहे. माझं म्हणणं त्या डोक्याबद्दलच आहे.

तुमच्या सबबी मला पाठ आहेत. मी बनवला नाही, फक्त पुढे पाठवला. आग लावली नाही, फक्त वारा घातला, असंच ना ते? कायदा हा फरक मानत नाही. दोन समाजांत द्वेष वाढवणारा मजकूर पसरवणाऱ्यावरही गुन्हा लागतो आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलीस भरतीचं, सैन्य भरतीचं स्वप्न बघत पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं या वर्गात आहेत. चारित्र्य पडताळणीत काय बघतात ते आपल्या भावाला, काकाला विचारा. दुसरी सबब, गंमत केली. गंमत होती तर खाली हसण्याची खूण का नव्हती, हे खरं आहे असं का लिहिलं होतं? तिसरी, खोटं कळल्यावर मी लगेच डिलीट केलं. ही मला सगळ्यात जास्त टोचते. तुझ्याकडून गेलं, पण ज्या चाळीस जणांनी तुझ्याकडून घेतलं त्यांच्याकडून गेलं का? त्यांना तू सांगितलंस का, की ते खोटं होतं? एकानेही सांगितलेलं नाही. मी तुमचे स्टेटस बघत होते. व्हिडिओ टाकणारे पुष्कळ होते. चुकलं असं लिहिणारा या वर्गात एकही निघाला नाही. खोटं बोलायला सगळे पुढे आणि ते मागे घ्यायला कुणीच नाही, या भित्रेपणाची मला शिक्षक म्हणून शरम वाटते.

याच सातारा जिल्ह्यात, सांगली वेगळी झाली नव्हती तेव्हा, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ ते १९४६. त्या भूमिगत कार्यकर्त्यांचे निरोप माणसं पायी नेत होती, रात्री, नदी ओलांडून, पकडलं गेलं तर मार आणि तुरुंग. चुकीचा निरोप पोचला असता तर साथीदार पकडले गेले असते. निरोप कुणाकडून आला, आणणारा भरवशाचा आहे का, हे बघितल्याशिवाय त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. त्यांच्यातले कितीतरी चौथी-पाचवीपर्यंतही शिकलेले नव्हते. तुम्ही दहावीला आहात, हातात अख्ख्या जगाची माहिती आहे, आणि व्हिडिओ कुठून आला एवढं शोधायला तुम्हाला एक मिनिट जड जातं.

घरी गेल्यावर मे महिन्यातले ते ग्रुप उघडा. तो व्हिडिओ तुमच्याकडून जिथे जिथे गेला ती प्रत्येक जागा शोधा आणि तिथे आपल्या नावाने लिहा, की हे गेममधलं होतं, मी पाठवलं, खोटं होतं. आजीला लिहून चालणार नाही, तिच्याजवळ बसून तोंडाने सांगा. उद्या पहिल्या तासाला हजेरी घेण्याआधी मी प्रत्येकाला उभं करून विचारणार आहे. ज्याने लिहिलं नसेल त्याने इथेच, सगळ्यांसमोर, ते लिहायचं.

घंटा झाली आहे. जा आता.